कॅथेटर पक्का धरणारे, तरीही न बोचणारे साधन कसे घडवावे?

घरी दीर्घकाळ लघवीची नळी वापरणाऱ्या रुग्णांसाठी, ती मांडीवर धरून ठेवणारे साधन तुम्हाला डिझाइन करायचे आहे आणि त्यात पक्केपणाला महत्त्व द्यावे की आरामाला, असे तुम्ही विचारले आहे. वैद्यकीय साधनांच्या डिझाइनचे काम करत असल्याने ठामपणे सांगतो की ही निवड करण्याची वेळच येऊ देऊ नका. बोचणारे साधन रुग्ण सैल करतो किंवा रात्री काढून ठेवतो, आणि काढून ठेवलेले साधन काहीच धरत नाही.

आकार आणि साहित्य ठरवण्याआधी खेच कोठून येते आणि कोठे पोहोचते हे कागदावर काढून पाहा. फॉली कॅथेटरच्या, म्हणजे मूत्राशयात ठेवल्या जाणाऱ्या या लघवीच्या नळीच्या, टोकाशी असलेला फुगा निर्जंतुक पाण्याने, बहुधा 10 मिलिलिटर, भरलेला असतो आणि त्याच्यामुळे नळी मूत्राशयाबाहेर निसटत नाही. बाहेरून बसणारा ओढा मात्र तो शोषून घेत नाही. नळीला जोडलेल्या पिशवीत अर्धा लिटर लघवी साठली की सुमारे अर्ध्या किलोचे वजन नळीला लोंबते, आणि नळी मोकळी असेल तर ते थेट मूत्राशयाच्या तोंडावर व मूत्रमार्गाच्या मुखावर येते. हा ताण महिनोन्महिने राहिला तर पुरुषांमध्ये मूत्रमार्गाचे मुख खालच्या बाजूने चिरत जाते, स्त्रियांमध्ये मूत्रमार्ग रुंदावून नळीच्या कडेने लघवी गळू लागते. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राच्या 2009 च्या मार्गदर्शक सूचनांतही नळी घातल्यानंतर ती हलणार नाही व मूत्रमार्गावर ओढा येणार नाही अशी नीट बांधावी, असे सांगितले आहे.

म्हणून साधनाचे मुख्य काम असे, की ओढा मूत्रमार्गापर्यंत जाण्याआधीच मांडीच्या रुंद भागावर उतरवायचा आणि साधन व शरीर यांच्यामधल्या नळीला पुरेशी ढील ठेवायची. ही ढील रुग्ण निजलेला असताना मोजू नका. पाय पूर्ण लांब करून, उभे राहून आणि मांडी बाहेर वळवून मोजा, कारण निजल्यावर पुरेशी वाटणारी ढील उभे राहताच संपते. जोराचा झटका बसला तर तो आधी मांडीच्या त्वचेला जाणवला पाहिजे. तोच रुग्णासाठी इशारा ठरतो.

नळी पकडण्यासाठी तिला दोन फाटे फुटतात तो जाड भाग निवडावा. सिलिकॉनची नळी निसरडी असते. तिला सरळ भागात घट्ट चिमटले तर आतली वाट आक्रसते, आणि प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घातानुसार घटत असल्यामुळे थोडासा दाबही महागात पडतो. 16 फ्रेंच (नळीच्या जाडीचे एकक) मापाच्या नळीचा बाहेरचा व्यास जेमतेम 5.3 मिलिमीटर असतो, हे लक्षात घ्या. फाट्याच्या आकाराचा खोबणीदार क्लिप न दाबताही नळी सरकू देत नाही. फक्त फुग्याची झडप असलेला फाटा मोकळा राहायला हवा. क्लिप स्वतःभोवती फिरणारा असावा, म्हणजे रुग्ण कुशीवर वळला तरी नळीला पीळ पडणार नाही.

साधन चिकटपट्टीने मांडीला लावायचे असेल तर सर्वांत जास्त विचार चिकट भागाचा करावा लागतो. ॲक्रिलिक गोंद काळानुसार त्वचेच्या बारीक खाचांत पसरतो आणि अधिकाधिक घट्ट होतो, तर सिलिकॉनच्या गोंदाची पकड जवळपास तितकीच राहते व तो अलगद सुटतो. वयस्कर व्यक्तींमध्ये त्वचेच्या वरच्या व खालच्या थरांतील गुंफण सपाट झालेली असल्यामुळे पट्टी ओढताना वरचा थरच सोलला जाऊ शकतो. त्यांच्यासाठी मी सिलिकॉनच निवडेन. त्याची पकड कमी पडेल ही भीती रास्त आहे, पण तिचा उपाय आकारात आहे. कोणतीही चिकटपट्टी पृष्ठभागाला समांतर ओढ चांगली सोसते आणि कडेने उचलली की लगेच सुटते. क्लिप उंच असेल तर तो तरफेसारखा कलंडून कड उचलतो, म्हणून तो शक्य तितका बुटका आणि पट्टीच्या मध्याशी ठेवा, पट्टी ओढ्याच्या दिशेने लांब करा, कडा पातळ आणि कोपरे गोल ठेवा. पट्टीचा आधारथर घामाची वाफ बाहेर सोडणारा आणि मांडीबरोबर ताणला जाणारा हवा. लावतानाच ती ताणून लावली तर कडेला फोड येतात, त्यामुळे लावताना ती ताणली जाणार नाही अशीच, सोलून काढायची कागदी पाठ तिला द्यावी.

वर्षानुवर्षे नळी वापरणाऱ्यांसाठी मला पट्टा अधिक योग्य वाटतो, कारण त्वचेवरून पुन्हा पुन्हा काहीही सोलावे लागत नाही. अडचण एवढीच की मांडी गुडघ्याकडे निमुळती होत जाते आणि पट्टा खाली घसरतो; मग काळजी घेणारी व्यक्ती तो आवळते आणि रक्ताभिसरणाला अडथळा येतो. रुंद, लवचिक पट्टा, ज्याच्या खाली दोन बोटे सहज जातील, आणि वेल्क्रोची खरखरीत बाजू कातडीला कधीच लागणार नाही अशी शिवण, एवढे कटाक्षाने पाळा. संध्याकाळी पाय सुजणाऱ्यांचे माप संध्याकाळीच घ्या. रोज मांडी बदलता यावी म्हणून साधन दोन्ही बाजूंना सारखेच बसले पाहिजे.

शिरेतील नळ्यांसाठी हेच साधन वापरण्याचा मोह टाळा. तेथे नळी आत-बाहेर सरकण्याने जंतू आत जाण्याचा धोका असतो, आणि प्रवेशाची जागा झाकलेली पण दिसत राहणे आवश्यक असते. ते स्वतंत्र काम आहे.

त्वचेला लागणाऱ्या प्रत्येक साहित्याची आयएसओ 10993 (वैद्यकीय साधनांच्या जैविक तपासणीचे आंतरराष्ट्रीय मानक) नुसार जैविक तपासणी होईलच, आणि लॅटेक्स पूर्णपणे टाळणे श्रेयस्कर. पण त्याआधी नमुना स्वतःच्या मांडीला लावा, नळीला अर्धा लिटर पाण्याची पिशवी जोडा, आणि ते घेऊन जिने चढा, झोपा, आंघोळ करा. त्यानंतर ज्यांची बोटे सांध्यांच्या दुखण्याने वाकलेली आहेत अशा व्यक्तीला क्लिप एका हाताने उघडायला सांगा. तो उघडत नसेल तर पुढच्या चाचण्या थांबवून आधी क्लिप बदला.