नाकाने गाडी पळते का?

प्रश्न : मी कणकवलीचा. वंदे भारत सुरू झाल्यापासून माझा नववीतला भाचा प्रत्येक सुट्टीत स्टेशनवर जाऊन उभा राहतो. त्याचं म्हणणं, पुढचं नाक टोकदार आहे म्हणून ही गाडी फास्ट पळते. मी म्हटलं नाक फक्त दिसायला. आता घरात दोन पार्ट्या पडल्यात. खरं काय? आणि असलं नाक पहिल्यांदा कुणी लावलं? तेव्हा आपल्या कोकणात काय चालू होतं?

उत्तर : भाचा अर्धा बरोबर आहे, आणि तुम्हीपण अर्धेच, रागावू नका.

आधी हवेचं बघू. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो, त्यामुळे गाडी ताशी ४० ने रांगत असेल तर नाक चपटं असो की गरुडासारखं, काडीचा फरक नाही, पण शंभर-सव्वाशेच्या पुढे गेलात की फरक पडायला लागतो. आपल्याकडे ही गाडी जास्तीत जास्त १२० ने जाते, आणि जून ते ऑक्टोबर पावसाळी टाइमटेबल लागलं की तेही नाही, धो धो पाऊस असून पुढचं दिसत नसेल तर ड्रायव्हरला ४० नेच चालवायला सांगितलेलं असतं. एरवी मुंबई-मडगाव पावणेआठ तास, पावसाळ्यात दहाच्या आसपास. नाक तेच हं.

आता पहिलं कुणी. ‘पहिलं’ म्हणण्यात भांडणं आहेत, पण लोकांच्या डोक्यात ही फॅशन बसवली ती १९३३-३४ च्या गाड्यांनी. जर्मनीत मे १९३३ पासून दोन डब्यांची डिझेल गाडी बर्लिन ते हॅम्बुर्ग २८६ किमी १३८ मिनिटांत जायला लागली, म्हणजे सरासरीच १२४! टॉप स्पीड नव्हे, सरासरी. पुढच्याच वर्षी अमेरिकेत बर्लिंग्टन कंपनीची ‘झेफिर’ आली, तीन डबे, सगळी स्टेनलेस स्टीलची, पुढून फावड्यासारखी उतरती.

२६ मे १९३४ ला तिने डेन्व्हर ते शिकागो १,६३३ किमी एका दमात १३ तास ५ मिनिटांत कापले, मध्ये कुठेच न थांबता. सकाळी निघाली, संध्याकाळी पोचली, एरवीच्या गाड्यांना या रूटला दिवसभराहून जास्त लागायचं. वाटेतल्या फाटकांवर माणसं उभी केलेली. डेन्व्हरच्या एका पेपरने भेट दिलेलं एक गाढवसुद्धा गाडीत होतं, खरंच, चाऱ्यासकट. आणि मधेच एक वायर जळाली, इंजिन बंद करावं लागलं आणि परत चालूच होईना, गाडी नुसती गडगडत होती, वेग उतरत चाललेला. शेवटी आतल्या एका माणसाने स्टार्टरच्या तुटलेल्या केबलची दोन टोकं हातानेच एकमेकांना धरली, हात भाजले त्याचे, पण इंजिन लागलं. मला विचाराल तर त्या दिवसाचा हिरो हा माणूस, नाक नव्हे.

कारण झेफिरची खरी कमाल पोटात होती. ६०० हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन, आणि अख्खी गाडी शंभर टनांच्या आत. तीन डब्यांना मिळून बोगी चारच (बोगी म्हणजे इथे डबा नव्हे, डब्याखालचा चाकांचा सांगाडा), म्हणजे शेजारचे दोन डबे एकाच बोगीवर टेकलेले, तेवढंच वजन कमी. वेगळं इंजिन जोडायची भानगडच नाही, गाडी स्वतःच इंजिन. वंदे भारतची गंमतही इथेच आहे. तिच्या निम्म्या डब्यांखाली मोटरी आहेत त्यामुळे ती स्टेशनातून निघताना झटकन वेग घेते, आणि रत्नागिरी, कणकवली असे थांबे घेत जाणाऱ्या गाडीला वेळ वाचतो तो या उचलीमुळे. भाच्याला सांगा नाक बघून झालं की खाली चाकांकडे बघ (पिवळ्या रेषेच्या मागे उभं राहून).

वाफेवाले पण गप्प बसले नव्हते. ३ जुलै १९३८ ला इंग्लंडच्या ‘मॅलार्ड’ने २०३ चा वेग गाठला, वाफेच्या इंजिनाचा तो रेकॉर्ड अजून टिकून आहे. पण उतारावर, आणि त्या धावेतच एक बेअरिंग तापून गेलं.

राहिला कोकणचा प्रश्न. मुंबई-पुणे डेक्कन क्वीन १ जून १९३० ला सुरू झाली, तीही विजेवर, म्हणजे घाटावरचे मजेत होते. आपल्याकडे रूळच नव्हते! रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत ७४१ किमीची अख्खी लाइन चालू झाली १९९८ ला. झेफिर पळाली तेव्हा आपला चाकरमानी मुंबईहून बोटीने यायचा, पावसाळ्यात बोटी बंद. माझी आजी पुढे एसटीने फिरायला लागली, पण वळणात मळमळलं तरी ‘बोट लागली गो’ असंच म्हणायची.