इंग्लिश हवेलीत घडणाऱ्या खुनाच्या जुन्या कथा आजही इतक्या आवडीने का वाचल्या जातात?

या प्रश्नाला नेहमी असे उत्तर दिले जाते की बंद घर, मोजके संशयित आणि वाचकासमोर उघड मांडलेले दुवे यांमुळे या कथा शब्दकोड्यासारख्या होतात, आणि कोडी माणसाला आवडतातच. हे खोटे नाही, पण अपुरे आहे. कोडे सुटले की संपते; मी मात्र यांतल्या कित्येक कादंबऱ्या, खुनी कोण हे पक्के ठाऊक असताना, तिसऱ्यांदा आणि चौथ्यांदा वाचल्या आहेत. माझ्या मते त्यांचे बळ खुनानंतरच्या चौकशीत आहे. प्रतिष्ठित कुटुंबाला एरवी कोणी विचारू धजणार नाही असे प्रश्न एक परका माणूस त्यांच्याच दिवाणखान्यात बसून विचारतो, आणि घरच्यांना उत्तरे द्यावी लागतात.

हे दृश्य निव्वळ कल्पनेतून आलेले नाही. २९ जून १८६० च्या रात्री विल्टशायरमधील रोड हिल हाउस या घरातून सॅव्हिल केंट हा चार वर्षेही पूर्ण न झालेला मुलगा नाहीसा झाला आणि सकाळी त्याचे प्रेत आवारातील नोकरांच्या शौचकूपात सापडले. रात्री घर आतून बंद केलेले होते. सकाळी दिवाणखान्याची एक खिडकी तेवढी उघडी मिळाली. खुनी घरातलाच असावा असा संशय साहजिकच बळावला, पण सॅव्हिलचे वडील कारखाने तपासणारे सरकारी अधिकारी; अशा सुखवस्तू गृहस्थाच्या मुलींच्या कपड्यांची झडती घ्यायची कोणी? सुमारे पंधरा दिवसांनी लंडन पोलिसांच्या स्कॉटलंड यार्डचे गुप्तहेर जोनाथन विचर आले. धुण्याला जाणाऱ्या कपड्यांच्या नोंदींवरून त्यांनी हिशेब लावला की सॅव्हिलची सोळा वर्षांची सावत्र बहीण कॉन्स्टन्स हिच्या तीन नाइटगाउनांपैकी एक गहाळ आहे, आणि त्यांनी तिला अटक केली. पुरावा अपुरा ठरून ती सुटली, आणि लोकांचा रोष विचर यांच्यावरच उलटला. साध्या घरातून आलेल्या पोलिसाने सभ्य कुटुंबातील मुलीच्या रात्रीच्या कपड्यांची चारचौघांत चर्चा करावी, हे अनेकांना जवळजवळ खुनाइतकेच अश्लाघ्य वाटले. विचर १८६४ मध्ये निवृत्त झाले. १८६५ मध्ये कॉन्स्टन्सने स्वतःहून कबुली दिली.

त्यानंतर तीनच वर्षांनी, १८६८ मध्ये, विल्की कॉलिन्स यांनी ‘द मूनस्टोन’ ही कादंबरी लिहिली. तीत धुण्याची वही आहे, डाग पडलेला नाइटगाउन आहे आणि घरच्यांना नकोसा झालेला पोलिस अधिकारीही आहे. बालहत्येच्या जागी फक्त हिऱ्याची चोरी आली आहे. वास्तवात घराने दार लावून घेतले होते, ते कथेत उघडले.

तरी विचर यांची अडचण उरतेच. उमरावांच्या घरात चौकशी करणारा माणूस कोणत्या दर्जाचा असावा? खालच्या दर्जाचा असेल तर त्याला कोणी बोलू देणार नाही, आणि बरोबरीचा असेल तर तोच संकोचाने गप्प बसेल. ॲगाथा ख्रिस्ती यांनी काढलेली वाट मला फार हुशारीची वाटते. पहिल्या महायुद्धाच्या काळात त्या टॉर्की येथील रुग्णालयाच्या औषधालयात काम करत होत्या आणि गावात बेल्जियन निर्वासित आलेले होते. १९२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पहिल्या कादंबरीत विषाचे बारकावे पहिल्या अनुभवातून आले आणि बेल्जियन गुप्तहेर पॉयरो दुसऱ्यातून. पॉयरो परदेशी असल्यामुळे इंग्लिश समाजाच्या उतरंडीत त्याला पायरीच नाही. लोक त्याला हसतात, त्याच्यासमोर सैल बोलतात. आपण मोडके इंग्रजी मुद्दाम बोलतो, म्हणजे लोक आपल्याला कमी लेखतात आणि गाफील राहतात, हे एका कादंबरीत तो स्वतः सांगतो. विणकाम करत बसलेली, खेड्यातली वृद्ध मिस मार्पल ही ख्रिस्ती यांचीच दुसरी शोधक म्हणजे त्याच युक्तीची घरगुती आवृत्ती.

घराची निवडही याच कामाची आहे. हवेलीचा दिवस घड्याळावर चालतो: चहा केव्हा, रात्रीच्या जेवणासाठी कपडे बदलण्याची घंटा केव्हा, दिवे कोण मालवणार, पत्रे कोण आणणार, सगळे ठरलेले असते. जिथे सगळे ठरलेले असते तिथेच एखादी गोष्ट न ठरल्यासारखी झाली की ती डोळ्यांत भरते. शहरातल्या चाळीत खोटे बोलणारा सहज लपेल. इथे कॉफीचा कप दहा मिनिटे उशिरा गेला तरी मोलकरणीला आठवतो. (याच मोलकरणींना बहुतेक लेखकांनी साक्षीपुरते वापरून स्वयंपाकघरात परत धाडले, ही या प्रकाराची मोठी उणीव मी मानतो.) गुप्त भुयारे वगैरे सोडून द्यावीत, रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ मध्ये अशा कथांसाठी केलेल्या नियमांत एका कथेला जास्तीत जास्त एकाच भुयाराची मुभा दिली होती, तीही मला जास्तच वाटते.

या कथा श्रीमंतांच्या सुखी जगाचे स्वप्न विकतात, हा आक्षेप मला पटत नाही. १९१९ पर्यंत इंग्लंडमध्ये सर्वांत मोठ्या मालमत्तांवरील वारसा कर ४० टक्क्यांवर गेला होता, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर शेकडो हवेल्या पाडल्या गेल्या. कथांमधले पुतणे आणि जावई कर्जात बुडालेले, कोणाच्या तरी मृत्युपत्राकडे डोळे लावून बसलेले असतात. १९५२ पासून लंडनच्या रंगभूमीवर असलेल्या ख्रिस्ती यांच्या ‘द माउसट्रॅप’ या नाटकात तर वारशाने मिळालेल्या घराचे मालकांनी गेस्ट हाउस केले आहे, आणि त्यांच्याच १९५० च्या ‘अ मर्डर इज अनाउन्स्ड’ या कादंबरीत शेजारी कोण हे आता त्याने स्वतः सांगितले तेवढेच कळते, ही युद्धोत्तर खेड्यातली अस्वस्थताच कथेच्या मुळाशी आहे. वाटणीच्या दाव्यात भाऊबंद एकमेकांशी कसे गोड बोलतात हे ज्या मराठी वाचकाने घरात पाहिले आहे, त्याला इंग्लिश चालीरीती ठाऊक नसल्या तरी हे सारे लगेच कळते.

आपण अजून सुरुवात केली नसेल तर ही १९५० ची कादंबरी आधी घ्यावी, आणि खुनी शोधण्याऐवजी प्रत्येक पात्राबद्दलची कोणती माहिती केवळ त्याच्याच तोंडून आलेली आहे, एवढेच टिपत वाचावी.