टोमॅटो फुलोऱ्यात असताना पानं पिवळी पडतायत आणि फळाच्या बुडाला काळा डाग येतोय, नेमकं काय कमी पडतंय हे कसं ओळखायचं?

तुमच्या प्रश्नावरून मला प्लॉट असा दिसतोय: काळी जमीन, विहिरीचं पाणी, ड्रिप आणि मल्चिंग पेपर, लागवडीला दीड महिना झालेला, फुलोरा जोरात आणि पहिल्या गुच्छाची फळं लिंबाएवढी. खालची पानं शिरांच्या मधून पिवळी, शेंडा फिका, काही फळांच्या बुडाला काळा डाग, थोडी फुलगळ. दुकानदाराने कॅल्शियम, बोरॉन आणि मायक्रोन्यूट्रियंट तिन्ही एकत्र मारायला दिलंय.

दादा, ती फवारणी दोन दिवस थांबवा. दोन दिवसांत प्लॉट हातचा जात नाही. पण तिन्ही एकदम मारलं तर फरक कशाने पडला हे कधीच कळणार नाही, आणि पुढच्या हंगामात हाच खर्च परत कराल. मी जुन्नर भागात टोमॅटो करतो. आमच्याकडे अशा दहा प्लॉटपैकी बहुतेकांत ते अन्नद्रव्य जमिनीत असतंच, मुळांना ते उचलता येत नसतं. म्हणून काय कमी आहे याच्याइतकंच ते कुठे अडलंय हे शोधावं लागतं.

सुरुवात पानापासून करा. पिवळेपणा खालच्या जुन्या पानांवर आहे की वरच्या कोवळ्या, हे आधी बघा. नत्र, स्फुरद, पालाश आणि मॅग्नेशियम झाड जुन्या पानातून काढून नव्या वाढीला आणि फळाला देऊ शकतं, त्यामुळे त्यांची कमतरता खाली दिसते. लोह, कॅल्शियम, बोरॉन एकदा जिथे बसले तिथून सहसा हलत नाहीत, म्हणून त्यांची कमतरता शेंड्यावर आणि कोवळ्या फळावर दिसते. तुमच्या झाडावर खाली आणि वर दोन्हीकडे लक्षणं आहेत. म्हणजे दुखणी किमान दोन आहेत, किंवा मुळाशी असं काहीतरी आहे ज्याने सगळंच अडलंय.

खालचं एक पान तोडून उजेडाकडे धरा. पूर्ण पान सारखं फिकं असेल तर नत्र. शिरा हिरव्या आणि मधली जागा पिवळी असेल तर मॅग्नेशियम. कड आधी पिवळी होऊन करपत आत येत असेल तर पालाश. तुमचं वर्णन मॅग्नेशियमचं आहे आणि फळं भरायला लागली की हे हमखास दिसतं. अशा वेळी मी पहिल्यांदा खताचं वेळापत्रक बघतो. फुलोरा दिसला की १३:००:४५ आणि ००:००:५० या पालाश जास्त असलेल्या खतांवर जोर दिला जातो, आणि पालाश जास्त झालं की मुळं मॅग्नेशियम आणि कॅल्शियम कमी घेतात. तसं असेल तर पालाशचा हात आखडता घ्या आणि मॅग्नेशियम सल्फेट लिटरला ५ ग्रॅम घेऊन संध्याकाळी फवारा. अगदी बुडाची, सावलीतली दोन-चार पानं पिवळी झाली तर त्याची चिंता नको, ती तशीही जाणारच असतात.

पान उलटून खालची बाजू बघायला विसरू नका. बारीक जाळी आणि हलणारे ठिपके म्हणजे कोळी. एकात एक वर्तुळं असलेला तपकिरी डाग म्हणजे करपा. ही दोन्ही पानं लांबून पिवळीच दिसतात, आणि खताने त्यातलं काहीच बरं होत नाही.

शेंडा. कोवळी पानं फिकी आणि बारीक शिरासुद्धा हिरव्यागार उठून दिसत असतील तर लोह. आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत सामू (पीएच) ८ च्या आसपास असतो. तिथे लोह भरपूर असूनही झाडाला मिळत नाही, आणि पाणी जास्त झालं की मुळं गुदमरून ते आणखी वाढतं. इथे एक गोष्ट दुकानात आवर्जून विचारा: चिलेटेड लोह, म्हणजे मातीत अडकू नये म्हणून वेगळ्या रसायनात बांधलेलं लोह, कुठलं? ईडीटीए प्रकारातलं लोह सामू साडेसहाच्या वर गेला की टिकत नाही. ते फवारणीला चालेल, पण काळ्या जमिनीत ड्रिपने सोडणं म्हणजे पैसे मातीत घालणं. ड्रिपसाठी ईडीडीएचए प्रकारातलं घ्या. महाग आहे, पण ते आपल्या सामूत टिकतं. त्याआधी खात्री करायची असेल तर दहा झाडांना सुतळी बांधा आणि फक्त त्यांच्याच शेंड्यावर लोह फवारा. आठवड्याभरात त्या झाडांची पालवी शेजारच्या झाडांपेक्षा हिरवी झाली तर उत्तर मिळालं.

आता बुडाचा काळा डाग, कारण सगळ्यात जास्त पैसा यावरच वाया जातो. फळाच्या त्या टोकाला कॅल्शियम पोचत नाही म्हणून हा डाग पडतो, इतपत दुकानदाराचं बरोबर आहे. पण कॅल्शियम झाडात पाण्याच्या प्रवाहाबरोबरच वर चढतं. पान भरपूर पाणी उडवतं, त्यामुळे ते कॅल्शियम ओढून घेतं. फळ फार कमी पाणी उडवतं, आणि त्याचं बूड तर देठापासून सगळ्यात लांब. पाणी मागेपुढे झालं की पहिला फटका तिथेच बसतो. पानात गेलेलं कॅल्शियम परत फळात येत नाही, म्हणून पानांवर कितीही कॅल्शियम मारलं तरी त्याचा उपयोग जवळजवळ नाही. शिवाय डाग दिसतो त्याच्या बरंच आधी, फळ अगदी लहान असतानाच नुकसान होऊन गेलेलं असतं. म्हणून आज दिसणारा डाग म्हणजे दोनेक आठवड्यांपूर्वीचा हिशोब. तेव्हा वीज गेली होती का, मोटर बंद होती का, दोन दिवस ताण बसून मग एकदम चार तास पाणी सोडलं का, हे आठवून बघा. डागाळलेलं एक फळ कापा. काळा भाग कोरडा, चामड्यासारखा असेल तर हेच. पाणचट, वास येणारी सड असेल तर रोग आहे.

त्यावर उपाय पाण्याचा. एकूण पाणी तेवढंच ठेवून ते रोज किंवा दिवसातून दोनदा थोडं थोडं द्या. युरिया आणि अमोनियमवाली खतं या टप्प्यात कमी करा, कारण अमोनियम कॅल्शियमला अडवतं. कॅल्शियम नायट्रेट ड्रिपमधून द्या, पण त्या टाकीत सल्फेट किंवा स्फुरदाचं कुठलंही खत मिसळू नका. मिसळलं तर टाकीत जिप्सम आणि कॅल्शियम फॉस्फेटचा साका होतो आणि ड्रिपर बसतात. डाग पडलेली फळं तोडून टाका, ती उगाच झाडाचं खातात.

फुलगळीसाठी बोरॉन लगेच नको. दिवसा तापमान ३५ अंशांच्या वर जात असेल आणि रात्री २२-२३ च्या खाली येत नसेल तर परागकणच नीट होत नाहीत, फूल गळतंच. बोरॉन खरंच कमी असेल तर शेंडे जाड, ठिसूळ होतात, देठ चटकन मोडतात. असं दिसत नसेल तर हात लावू नका. बोरॉनमध्ये पुरेसं आणि विषारी यात फार थोडं अंतर असतं.

आता खरं काम. एका आजारी आणि एका चांगल्या झाडाजवळचा मल्चिंग पेपर उचला आणि ड्रिपरखालची माती हाताने उकरा. मूठ दाबल्यावर बोटांतून पाणी आलं तर पाणी जास्त होतंय. पांढरी, केसाळ मुळं दिसली तर उत्तम. मुळं तपकिरी आणि चोळल्यावर साल निघून दोरा हातात राहिला तर मूळ कुजलंय. बारीक गाठी असतील तर सूत्रकृमी (मुळांत शिरणारा सूक्ष्म जंत) आहे, आणि तो पानांवर हुबेहूब कमतरतेचीच लक्षणं दाखवतो. दोन्ही ठिकाणची माती जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात द्या आणि विहिरीचं पाणीही तपासा. मातीचा ईसी, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं माप, १ च्या आत हवा. त्याच्या वर असेल तर खत कमी पडत नाही, क्षार जास्त झालेत. तसं असेल तर काही दिवस नुसतं पाणी द्या.

एक धोका मात्र वेगळा काढा. २०२० साली संगमनेर-अकोले-जुन्नर पट्ट्यात फळं पिवळी-लाल पट्ट्यांची, टणक निघाली आणि लोकांनी त्याला तिरंगा म्हटलं. कित्येकांनी आधी खतंच बदलली. बंगळूरच्या फलोत्पादन संशोधन संस्थेत नमुने गेले तेव्हा कुकुंबर मोझॅक हा विषाणू सापडला. कमतरता साधारण सगळ्या प्लॉटभर किंवा एका ओळीच्या टोकाला, एका उताराला सारखी दिसते. विषाणू मात्र मधेच एक झाड, चार सोडून दुसरं, असा उठतो, आणि पानं पिवळी होण्याबरोबर वाकडी, आखडलेली होतात. अशी झाडं असतील तर ती काढून लांब नेऊन पुरा आणि मावा, पांढरी माशी, फुलकिडे यांच्याकडे बघा.

तुमच्या जागी मी आज फक्त पाण्याची वेळ बसवेन, उद्या मूळ बघेन आणि मॅग्नेशियमची एक फवारणी घेईन. लोहाची सुतळीवाली दहा झाडं वेगळी ठेवेन. करपलेली कड पुन्हा हिरवी होणार नाही, म्हणून फरक बघायचा तो नव्या पानांवर आणि तिसऱ्या-चौथ्या गुच्छाच्या फळांवर. पाण्याचा रिपोर्ट आला की त्यातला सामू आणि बायकार्बोनेटचा आकडा इथे टाका, अ‍ॅसिड सोडायची गरज आहे का ते त्यावरून सांगतो.