प्रयोगशाळेतला घरगुती मायक्रोवेव्ह आणि खरेदीपूर्वीचा ई-मेल

आपण माती व पाणी तपासणारी छोटी प्रयोगशाळा चालवता. आगार माध्यम (जिवाणू वाढवण्याचा जेलीसारखा पदार्थ) वितळवण्यासाठी घेतलेला मायक्रोवेव्ह ओव्हन सात महिन्यांत मॅग्नेट्रॉन, म्हणजे लहरी निर्माण करणारा भाग, जळून बंद पडला आणि वॉरंटी कार्डावरील ‘केवळ घरगुती वापरासाठी’ या ओळीवर बोट ठेवून कंपनीने दुरुस्ती नाकारली; आता काय करता येईल, असे आपण पत्रात विचारले आहे. लहान प्रयोगशाळांकडून असे प्रश्न वरचेवर येतात, म्हणून वॉरंटीचे प्राथमिक पाठ येथे देत नाही. कंपनीचे म्हणणे बहुधा टिकेल, एवढेच सांगतो.

आपल्या प्रकरणाचा निकाल ज्यावर लागेल, ती गोष्ट आपण पत्राच्या अखेरीस एका वाक्यात उरकली आहे. खरेदीपूर्वी आपण विक्रेत्याला ‘प्रयोगशाळेत माध्यम वितळवण्यासाठी ओव्हन हवा’ असा ई-मेल केला होता आणि त्याच्या उत्तरादाखल विक्रेत्याने हे मॉडेल सुचवून कोटेशन पाठवले होते. मालविक्री अधिनियम, 1930 च्या कलम 16 नुसार, खरेदीदाराने वस्तू कोणत्या विशिष्ट कामासाठी हवी हे विक्रेत्याला कळवले असेल, तो विक्रेत्याच्या जाणकारीवर विसंबला असेल आणि अशा वस्तू पुरवणे हाच विक्रेत्याचा व्यवसाय असेल, तर वस्तू त्या कामास योग्य असावी ही अट करारात गृहीत धरली जाते. ही जबाबदारी विक्रेत्याची आहे. आपण मात्र वीस महिने कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन करत राहिलात.

याच कलमाला एक परंतुक, म्हणजे अपवाद, आहे. विशिष्ट वस्तू तिच्या व्यापारी नावाने मागितली असेल, तर ही अट लागू होत नाही. आपली परचेस ऑर्डर म्हणजे ब्रँड, मॉडेल क्रमांक आणि किंमत एवढेच. तिच्यात ना कामाचा उल्लेख, ना कोटेशनचा संदर्भ. विक्रेता तीच पुढे करणार. मॉडेल त्यानेच निवडून दिले होते, हे ई-मेल आणि कोटेशन एकत्र ठेवूनच दाखवता येईल, म्हणून दोन्हींच्या प्रतींसोबत भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 खालील, इलेक्ट्रॉनिक नोंदी पुराव्यात देण्यासाठी लागणारे प्रमाणपत्र जोडून ठेवा. वॉरंटी कार्ड खोक्यातून, म्हणजे करार झाल्यावर हाती आले, म्हणून त्यावरील ओळ कराराचा भाग नव्हती, हा मुद्दाही विक्रेत्याविरुद्ध मांडता येईल. तो मान्य होईलच असे मी म्हणणार नाही.

याच ओव्हनमध्ये आपण मातीचे नमुनेही वाळवत होता, हे वाचून मात्र कपाळावर हात मारला. नमुना कोरडा होत जातो तशी लहरी शोषणारी ओल उरत नाही आणि परावर्तित ऊर्जेचा ताण मॅग्नेट्रॉनवर येतो, हे समोरचा वकील ग्राहक आयोगाला नक्की सांगेल. ई-मेलमध्ये कळवलेले काम माध्यम वितळवण्याचे होते, माती वाळवण्याचे नव्हे. नोटिशीत ही बाब दडवू नका. उलटतपासणीत ती बाहेर आली तर अधिक महागात पडेल.

आपण ‘ग्राहक’ ठरता का, याचे खात्रीचे उत्तर देता येत नाही. ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 व्यावसायिक प्रयोजनासाठी घेतलेली वस्तू वगळतो, परंतु केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका चालवण्यासाठी घेतलेल्या वस्तूला संरक्षण देतो. आपण स्वतः चाचण्या करता आणि हाताखाली एकच मदतनीस आहे, हे आपल्या बाजूचे. बिल प्रयोगशाळेच्या नावे असून जीएसटीची वजावट (इनपुट टॅक्स क्रेडिट) घेतलेली असणे, हे विरुद्ध बाजूचे. वाया गेलेल्या नमुन्यांची भरपाई मागता येईल, पण नोंदवही नसताना ती मिळणे कठीण दिसते.

आता थांबायला वेळ नाही. ग्राहक संरक्षण अधिनियमाच्या कलम 69 नुसार तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार दाखल व्हावी लागते आणि ग्राहक सेवेशी झालेल्या बोलण्यांनी ही मुदत वाढत नाही. ओव्हन बंद पडल्याचा दिवस धरला तर आपल्याकडे जेमतेम चार महिने आहेत. याच आठवड्यात विक्रेत्याला स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा, कंपनीलाही प्रत द्या, आणि पंधरा दिवसांत उत्तर आले नाही तर जिल्हा आयोगात तक्रार दाखल करा. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तेथे शुल्क नाही. निकाल तीन महिन्यांत, आणि वस्तूची तपासणी लागल्यास पाच महिन्यांत देण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायदा म्हणतो. तारखांचा माझा अनुभव वेगळा आहे, तेव्हा जळका ओव्हन भंगारात न देता, न उघडता, अनुक्रमांकाच्या छायाचित्रासह जपून ठेवा.

दुसरा ओव्हन घेताना परचेस ऑर्डरवरच काम, रोजचा वापर किती तास आणि काय तापवणार हे लिहा, आणि प्रयोगशाळेतील वापराला वॉरंटी लागू असल्याचे विक्रेत्याकडून लेखी आल्याशिवाय पैसे देऊ नका.