कुत्र्याला कच्चं मटण आणि ड्राय फूड एकत्र दिलं तर चालतं का?

चालतं. दोन्ही पचायला वेगवेगळा वेळ लागतो म्हणून एका भांड्यात देऊ नये, असं सांगतात; त्याला ठोस आधार नाही. निरोगी कुत्र्याचं पोट दोन्ही पचवतं. नवीन पदार्थ मात्र आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवा, नाहीतर हगवण लागते.

खरी काळजी कच्च्या मटणाची आहे. आपल्याकडे खाटीक शेळी-बोकडाचं फुप्फुस, काळीज स्वस्तात देतो. त्यात पाण्याने भरलेल्या पांढुरक्या गाठी दिसल्या तर ते अजिबात घालू नका. त्या हायडॅटिडच्या गाठी असतात, म्हणजे आत एका फीतकृमीच्या (पट्टीसारख्या जंताच्या) अळ्या असतात. कुत्र्याला फारसं काही होत नाही, पण त्याच्या विष्ठेतून अंडी घरातल्या लेकरांच्या पोटात जातात आणि पुढे त्यांच्या काळजात (यकृतात), फुप्फुसात गाठी होतात. फ्रीजमध्ये ठेवून साल्मोनेलासारखे जंतूही मरत नाहीत. म्हणून माझं स्पष्ट मत: मटण, चिकन शिजवूनच द्या, बिनमिठाचं, आणि शिजवलेली हाडं काढून.

ड्राय फूड 'कम्प्लीट', म्हणजे सगळी पोषकद्रव्यं असलेलं, असेल तर वरचं खाणं दिवसाच्या कॅलरीच्या दहा टक्क्यांत ठेवा. मराठवाड्यातल्या एप्रिल-मेच्या उन्हात मटण घातलेलं भांडं अर्ध्या तासात उचला. जंताचं औषध कधी द्यायचं ते पशुवैद्यकाला विचारा.