मौर्यकालीन पाटलिपुत्राची तटबंदी लाकडी होती, याला उत्खननाचा पुरावा आहे का?

होय, पाटण्यातील बुलंदीबाग येथे १९२६-२७ च्या उत्खननात साल वृक्षाच्या भक्कम उभ्या ओंडक्यांच्या दोन समांतर रांगा आणि त्यांच्यामधील लाकडी फळ्यांची जमीन बऱ्याच लांबीपर्यंत सापडली असून, ते अवशेष या तटबंदीचेच मानले जातात. मौर्य दरबारातील ग्रीक राजदूत मेगॅस्थेनिसचा मूळ ग्रंथ नष्ट झाला असला, तरी त्याच्या आधारे ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबोने बाण सोडण्यासाठी छिद्रे ठेवलेल्या लाकडी तटाचे वर्णन केले आहे, आणि नदीकाठच्या शहरांत पाऊस व पूर यांमुळे विटांची बांधकामे टिकत नसल्याने लाकूड वापरत, असे कारण ग्रीक इतिहासकार एरियनने दिले आहे. गंगा व शोण यांच्या संगमावरील शहराला ते चपखल लागू पडते. मात्र ५७० बुरूज आणि ६४ दरवाजे हे या ग्रीक वर्णनांतील आकडे उत्खननाने सिद्ध झालेले नाहीत, कारण प्राचीन शहराच्या बऱ्याच भागावर आज पाटणा वसलेले आहे. शिवाय सगळेच बांधकाम लाकडी नव्हते: पाटण्यातीलच कुम्हरार येथील ८० खांबांच्या सभागृहाचे खांब झिलईदार वालुकाश्माचे होते.