तोफांचं ‘डोकावून बघ स्वयंपाकघरात’

प्रश्न : मुलगी नोकरीनिमित्त एस्टोनियातल्या टॅलिनला असते. तिथल्या एका जुन्या बुरुजाच्या नावाचा अर्थ ‘स्वयंपाकघरात डोकावून बघ’ असा आहे, असं ती सांगते. खरं का हे? – एक वाचक, सातारा

उत्तर : अगदी खरं! ‘कीक इन दे कोक’ हे नाव उत्तर जर्मनीकडच्या जुन्या बोलीतलं. त्या काळी टॅलिनमधल्या व्यापाऱ्यांचीच ही बोली. बुरूज 38 मीटर उंच. वरच्या पहारेकऱ्यांना खालच्या घरांत काय शिजतंय ते दिसे म्हणे. आमच्या चाळीत या कामाला बुरूज लागत नसे, ते सोडा.

गंमत नावात, जरब भिंतीत. 1475 मध्ये बांधकाम सुरू झालं तेव्हा तोफांचे दिवस आले होते, म्हणून भिंती थेट 4 मीटर जाड. परीक्षा झाली 1577 मध्ये. शहर तेव्हा स्वीडनच्या ताब्यात होतं, नाव होतं रेव्हाल, आणि वेढा घातला होता रशियाच्या चौथ्या इव्हाननं. बुरुजाला चांगलंच भगदाड पडलं, पण शहर पडलं नाही. त्या वेळचे तोफगोळे बाहेरच्या भिंतीत अजून रुतलेले आहेत. मुलीला म्हणावं, आत शिरण्याआधी बाहेरून एक फेरी मार.

पुढे स्वीडिश लोकांनी शेजारी मातीचे बुरूज उभारले, त्यांच्या पोटात भुयारं काढली. दुसऱ्या महायुद्धात लोक बॉम्बपासून वाचायला त्याच भुयारांत उतरत. आता बुरुजात संग्रहालय आहे. भुयारंही बघता येतात. स्वेटर मात्र न्यायला सांगा.